उजवा पाय

टॉवेल तेरा आहेत. बारा जणांचे बारा आणि तेरावा फादरांच्या कमरेला बांधायला. सॅक्रिस्टीतल्या लांब टेबलावर मावशी त्यांची चळत लावतात, मोजतात, पुन्हा मोजतात आणि त्यातला एक बाजूला काढून ठेवतात.

"ह्याच्यावर मेणाचा डाग आहे. चालायचा नाही."

"पायच तर पुसायचेत, मावशी."

त्या माझ्याकडे अशा बघतात की मी मुकाट्याने कपाटातून दुसरा टॉवेल काढून देतो.

दुपारचे साडेचार झालेत. वसईतल्या एका जुन्या देवळाच्या मागच्या खोलीत मी उभा आहे. इकडच्या ख्रिस्ती गावांत चर्चला देऊळच म्हणतात. बाहेर एप्रिलचं ऊन आहे, माडांची एक झावळी हलायला तयार नाही. आज पवित्र गुरुवार. येशू शिष्यांबरोबर शेवटच्या जेवणाला बसला आणि मधेच उठून, कमरेला फडकं गुंडाळून, एकेकाचे पाय धुवू लागला, ती ही रात्र. संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, फादर तेच करणार आहेत.

मावशींचं काम सकाळपासून चाललंय. वेदीवरच्या कापडांना इस्त्री झाली. उद्या उत्तम शुक्रवार. त्या दिवशी जगात कुठेच मिस्सा होत नाही, म्हणून प्रसादाच्या पातळ भाकरी आजच दोन दिवसांच्या मोजून ठेवाव्या लागतात. त्याही झाल्या. आता पितळी घंगाळ. पितांबरी लावून ते घासायचं, कडेच्या नक्षीत अडकलेला हिरवा कळंक टाचणीने काढायचा. मावशी ते खिडकीशी नेऊन उजेडात फिरवतात आणि स्वतःशीच "बरं आहे" म्हणतात. त्यांच्या पायांत रबरी स्लिपर आहेत, एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. बारा जणांत तुमचं नाव कधी आलं होतं का, असं मी विचारतो.

"मग पाणी कोण तापवणार?" म्हणत त्या फादरांच्या स्वयंपाकघराकडे निघतात.

पाणी कोमटच लागतं. मागे एकदा थेट नळाचं ओतलं, तेव्हा एका आजोबांनी पाय असा झटकला की फादरांचा चष्मा भिजला. तेव्हापासून मावशी पातेल्यात कोपर बुडवून बघतात, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं बघतात तसं.

पाच वाजल्यापासून बारा जण यायला लागतात. पहिले दोन बाक त्यांचे. एकेका आळीतून एकेक नाव येतं, दोन-तीन नावं फादर स्वतः घालतात. पानवेलीची वाडी कसण्यात जन्म गेलेले नाना आहेत. महापालिकेच्या कचरागाडीवर काम करणारा एक तरुण आहे. रात्रपाळी करून, दुपारी दोन तास झोप काढून आलेली एक नर्स आहे आणि नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली एक मुलगी. झारखंडहून आलेली, जवळच्या इमारतींत घरकाम करणारी एक बाई आहे. तिला मराठी फारसं कळत नाही, कुठे बसायचं ते नर्स तिला हाताने दाखवते. उरलेल्यांपैकी निम्म्यांना मी ओळखत नाही. वसईत आता एवढ्या इमारती झाल्यात की देवळात शेजारी कोण बसलंय तेही कधीकधी विचारून घ्यावं लागतं.

गंमत अशी की बाराही जण पाय धुऊन आलेत. नुसते धुऊनही नाही. टाचा वजरीने घासलेल्या, नखं कापलेली, कुणी वरून खोबरेल चोळलेलं. मुलीचं नेलपॉलिश आईने दुपारी पुसायला लावलंय, तरी अंगठ्याच्या कडेला गुलाबी रेघ राहिलीच आहे. कचरागाडीवरच्या तरुणाने कोरे मोजे घातलेत, एकावर दुकानाचा कागद तसाच चिकटलेला. बाकाखाली नजर टाकली तर मळका म्हणावा असा एक पाय दिसत नाही. फादरांनी धुवायचं तरी काय?

हे काही आजचं नाही. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी सोळाव्या शतकात या दिवशी गरीब बायकांचे पाय धुवायची, तेव्हा तिच्याआधी ते तीनदा धुतले जायचे. आधी धोबीखान्यातली माणसं सुगंधी कोमट पाण्याने धुणार, मग दानधर्म खात्याचा दुय्यम अधिकारी, मग मुख्य अधिकारी, आणि चौथ्यांदा राणीसाहेब. पुढे तिथे पाय धुणं बंदच पडलं. आता राजा या दिवशी खास पाडलेली नाणी वाटतो. मोठ्यांच्या नम्रतेला कुणीतरी आधी साबण लावून ठेवावा लागतो.

आमच्या बारा जणांचं कारण मात्र वेगळं आहे. त्यांना लाज वाटते. आपल्याकडे पाय धुतात ते वरच्याचे. गुरूचे, लग्नात जावयाचे, दारात आलेल्या वारकऱ्याचे. धुणारा वाकतो आणि पुण्य त्याच्या पदरात पडतं. इथे सगळं उलटं. ज्याच्यापुढे वाकायचं तोच वाकून पाय धरतो. वसईत ख्रिस्ती धर्माला पाचशे वर्षं होत आली, तरी हे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं नाही. पडूही नये बहुधा. अंगवळणी पडलं की त्यातलं अवघडलेपण जाईल आणि नुसता विधी उरेल.

नाना बाकाच्या टोकाला बसलेत. मी जवळ जाऊन टेकतो.

"माझा बाप फादरांसमोर चपला घालून उभा राहायचा नाही," ते हळूच सांगतात. "आणि मी त्यांच्यापुढे तंगडी करायची?"

"मग नाव कशाला दिलंत?"

"मी कुठे दिलं? नातवाने दिलं. मला विचारलं कोणी?"

बाकांवर बायका आहेत हेही तसं अलीकडचंच. हा विधी संध्याकाळच्या मिस्सात आला तो १९५५ साली, बाराव्या पायस पोपनी पवित्र आठवड्याची सगळी उपासना नव्याने लावली तेव्हा. त्या नियमात फक्त पुरुष होते. २०१३ साली पोप फ्रान्सिस निवडून आले आणि पंधरा दिवसांनी, पवित्र गुरुवारी, रोममधल्या अल्पवयीन कैद्यांकडे गेले. तिथे त्यांनी मुलींचेही पाय धुतले, त्यांतली एक मुसलमान होती. नियम कागदावर बदलला त्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये. बारा हा आकडा तर नियमात नाहीच, तो आपला रिवाज. बाईचे पाय फादरांनी कसे धरायचे, अशी कुजबुज आमच्याकडेही झाली होती. आता कुजबुज होते ती अमक्या आळीतून हीच का आणि ती का नाही, यावर. ही प्रगतीच म्हणायची.

साडेसहाला मिस्सा सुरू होतो तेव्हा देऊळ भरून बाहेरच्या मांडवातही माणसं आहेत. पुढच्या बाकांवर लाल लुगडी नेसलेल्या चार-पाच म्हाताऱ्या आहेत. ते लुगडं नेसणाऱ्या आता एवढ्याच उरल्या. गौरवगीत सुरू होताच सगळ्या घंटा एकदम वाजायला लागतात, वेदीजवळच्या, दारातली, मनोऱ्यातली मोठीसुद्धा. वेदीसेवक पोरं जीव खाऊन वाजवतात, कारण यानंतर शनिवारच्या रात्रीपर्यंत एकही घंटा वाजायची नाही. गीत संपतं. पेटीवालाही आता गाणाऱ्यांना नुसता सूर देण्यापुरताच उरतो.

शुभवर्तमान योहानाचं आहे. बाकीचे तिघे त्या रात्रीच्या भाकरीची आणि द्राक्षरसाची हकिगत सांगतात. योहान ती सांगतच नाही, त्या जागी पाय धुण्याची हकिगत सांगतो. फादर प्रवचनात त्यावर फार रेंगाळत नाहीत. ते एवढंच लक्षात आणून देतात की येशूला धरून देणारा यहुदा उठून अंधारात गेला तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, आणि धुणाऱ्याला ते कुणाचे पाय आहेत हे ठाऊक होतं. मग ते गोन्सालो गार्सियाकडे वळतात. वसईत जन्मलेला, जपानमध्ये व्यापार केलेला माणूस. त्याला जेझुइट व्हायचं होतं, ते जमलं नाही. मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात गेला, तोही फादर म्हणून नाही, ब्रदर म्हणून. मिस्सा सांगायचा अधिकार नाही, संघाची पडेल ती सेवा करायची. जपानी येत होतं म्हणून दुभाषा झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर त्याला क्रुसावर मारलं आणि १८६२ साली तो संत झाला.

"आपल्या गावातून एकच संत झाला," फादर म्हणतात, "आणि तो फादर नव्हता. हे मला दरवर्षी जरा लागतं."

देवळात हसू पिकतं. फादर वरचं जरीचं वस्त्र उतरवून वेदीसेवकाकडे देतात, टॉवेल कमरेला बांधतात आणि पहिल्या बाकाशी येतात.

फादर साठीला आलेत. गुडघे दुखतात, मिस्सानंतर पायऱ्या उतरताना ते कठड्याला धरतात हे सगळ्यांना माहीत आहे. तरी ते गुडघे टेकतात. फ्रान्सिस पोपना शेवटच्या वर्षी तेही जमलं नाही. १७ एप्रिल २०२५ च्या पवित्र गुरुवारी ते रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले, कैद्यांना भेटले, त्यांच्याबरोबर प्रार्थना केली आणि या वर्षी पाय धुणं मला शक्य नाही असं सांगून परतले. चार दिवसांनी ते वारले. वाकता येत नव्हतं, पण जायचं चुकवलं नाही.

प्रत्येकाचा एकच पाय धुतात, उजवा. फादर डावा हात टाचेखाली घालतात आणि उजव्या हाताने तांब्या कलता करतात. पाणी घोट्यावरून येऊन बोटांच्या खाचांतून घंगाळात पडतं. मग टॉवेल. तो ते फिरवत नाहीत, दाबून धरतात, आणि बोटांच्या मधली जागासुद्धा कोरडी करतात. शेवटी वाकून पायावर ओठ टेकतात. गायकवृंद गातोय, फोटोवाला एका गुडघ्यावर बसून कॅमेरा लावतोय. नर्सने डोळे मिटलेत. ती प्रार्थना करतेय की दमलीय, कळत नाही. कचरागाडीवरचा तरुण मोजा काढायलाच विसरलाय. त्याची धांदल होते, मोजा निघता निघत नाही आणि फादर तो स्वतः ओढून काढतात. झारखंडची बाई पाय पुसून होताच खाली वाकते आणि फादरांच्या पायाला हात लावून तो कपाळी नेते. हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. फादर गडबडतात, मग हसतात.

नानांची पाळी येते. नाना डावा पाय पुढे करतात.

"उजवा, नाना," घंगाळ धरलेला पोरगा कुजबुजतो.

नाना मान हलवतात. "डावाच घ्या, फादर. उजवा बरा नाही."

मी तिसऱ्या बाकावरून बघतोय. उजवा पाय त्यांनी बाकाखाली मागे ओढून घेतलाय. टाचेवर कापडाची पट्टी आहे, सकाळी बांधली असावी, आता कडेने पिवळी पडलीय. भेगा एवढ्या खोल गेल्यात की वजरीचं तिथे काही चाललेलं नाही. आयुष्यभर वाडीच्या ओल्या मातीत अनवाणी उभं राहिलेल्या माणसाची ती टाच आहे.

फादर त्या पट्टीकडे बघतात. फोटोवालाही बघतो आणि अर्धं पाऊल पुढे सरकतो. तो दुखरा पाय हातात घेतला असता तर फोटो उत्तम आला असता आणि वसईच्या निम्म्या मोबाइलांवर रात्रीपर्यंत फिरला असता. पुढच्या वर्षीच्या प्रवचनाला दाखलाही मिळाला असता. फादर डावा पाय घेतात. धुतात, पुसतात, ओठ टेकतात आणि पुढच्या माणसाकडे सरकतात. नाना खिशातून रुमाल काढून मानेवरचा घाम पुसतात.

मला विचाराल तर आजच्या अख्ख्या उपासनेतलं सगळ्यात अवघड काम फादरांनी तिथे केलं. गुडघे टेकणं त्यामानाने सोपं. सेवा करायला निघालेल्या माणसाला समोरच्याला काय हवंय हे आधीच कळलेलं असतं, हा त्याचा ठरलेला रोग. आपण कमरेला टॉवेल बांधून निघतो तो कुणाचा कोणता पाय धुवायचा हे ठरवूनच. समोरचा म्हणाला, हा नको, तो घ्या, की आपल्याला तो कृतघ्न वाटायला लागतो. आता कुणी म्हणेल, शिष्य पेत्रानेही आधी पाय धुऊ देणार नाही म्हटलं आणि मग हात न् डोकंही धुवा म्हटलं, तेव्हा येशूने त्याचं कुठे ऐकलं? नाही ऐकलं. पण पेत्र काय बोलतोय हे पेत्रापेक्षा येशूला जास्त कळत होतं. आपल्यापैकी कुणाचं तसं आहे असं मला वाटत नाही, आणि फादरांनाही बहुधा वाटत नाही.

अर्पणाच्या वेळी वेदीकडे मिरवणूक निघते. भाकर आणि द्राक्षरसाबरोबर आज गरिबांसाठीच्या वस्तू येतात, तांदळाच्या पिशव्या, डाळ, तेलाचे डबे. उपासकाळाच्या चाळीस दिवसांत मटण-मासळी सोडून वाचवलेल्या पैशांची पाकिटंही येतात. हे सगळं पुढे सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे जाईल. फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर १८३३ साली पॅरिसमध्ये ही सोसायटी सुरू केली. गरिबाला दारात बोलवायचं नाही, त्याच्या घरी जायचं, हा तिचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. माझ्या बाजूला बसलेल्या बाई तिचंच काम करतात. पिशव्यांकडे बघत त्या माझ्या कानाशी लागतात.

"एका घरी आम्ही कितीतरी महिने तांदूळ देत होतो. ती बाई घ्यायची, थँक्यू म्हणायची. मग कळलं, तांदूळ तिला माहेरून येतो. तिला हवी होती शिलाई मशीनला मोटर. पायाने मशीन मारवत नव्हती."

"मग?"

"मग काय, मोटर दिली. आता ती आम्हालाच पिशव्या शिवून देते. ह्यातल्या बऱ्याच तिच्याच आहेत."

मिस्साचा शेवट आज नेहमीसारखा होत नाही. प्रसाद मिरवणुकीने बाजूच्या सजवलेल्या वेदीवर नेतात, मुख्य वेदीवरची कापडं, मेणबत्त्या, फुलं सगळं उतरवतात, आणि मध्यरात्रीपर्यंत आळीआळीने लोक तिथे प्रार्थनेला बसतात. ते सुरू व्हायच्या आधीच मी बाहेर पडलोय. प्रसाद वाटून होत आला तेव्हा फादरांनी एका चपट्या डबीत थोडा प्रसाद घालून एका माणसाच्या हाती दिला होता. निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. अंथरुणाला खिळलेल्यांना आज घरी प्रसाद पोहोचवायचा, तोही शक्यतो याच मिस्सातला. डबी छोट्या पिशवीत घालून सरांनी गळ्यात अडकवली आहे. मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसतो. डबी जवळ असताना ते बोलत नाहीत, हॉर्नसुद्धा वाजवत नाहीत.

आळीच्या टोकाला कौलारू घर आहे. पुढे नवी इमारत उठलीय, मागे अर्धं बुजवलेलं बावखल, म्हणजे तळं. दार उघडंच आहे. आतल्या खोलीत खाटेवर आजी, आणि खाटेच्या पायथ्याशी प्लास्टिकच्या स्टुलावर त्यांची सून. हातांत रबरी मोजे, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर आजींचा उजवा पाय. मधुमेहात दोन बोटं गेली. त्या जागी जखम आहे आणि ती भरत नाही. खोलीत डेटॉलचा वास आहे, त्याच्या खाली दुसराही एक आहे.

"या सर. पाच मिनिटं हं. मिस्साला येता आलं नाही, ह्याच वेळेला आईंचं ड्रेसिंग येतं."

"चालू दे," सर म्हणतात आणि उभेच राहतात.

जुना गॉज जखमेला चिकटलाय. सून त्यावर सलाइन ओतते, थांबते, पुन्हा ओतते.

"डावीकडनं सोड. काल ओढलंस," आजी म्हणतात.

"बरं."

"आणि पंखा कमी कर, गार लागतंय."

"आई, मला दोनच हात आहेत."

सर जाऊन पंखा कमी करतात. परत येतात तर सून त्यांना टाच धरायला सांगते. सर गळ्यातली पिशवी उतरवतात, कोपऱ्यातल्या टेबलावर आधीच घालून ठेवलेल्या पांढऱ्या रुमालावर ठेवतात, तिथली मेणबत्ती लावतात आणि येऊन पाय धरतात.

"वर, सर. अजून वर. हां."

गॉज डावीकडून सुटतो. आजी दातांतून श्वास ओढतात. सून आतली जागा पुसते, मलम लावते, नवा गॉज, वर पट्टी. मधे एकदा म्हणते, "हलू नका म्हटलं ना," आणि आवाज चढलेलाच आहे. दिवसातून दोनदा हे करायचं आणि शिवाय स्वयंपाक, पाणी, पोरांचा अभ्यास, त्या माणसाच्या आवाजाला मधाळपणा राहत नाही. संतांच्या चरित्रांत ही चिडचिड लिहीत नाहीत. पण बारकाईने बघितलं तर तिचा हात आवाजाबरोबर चढत नाही. पट्टीचा शेवटचा वेढा ती सैल घेते, बोट आत घालून बघते आणि आजींना विचारते, "घट्ट नाही ना?"

"आहे थोडं."

ती सोडते आणि पुन्हा बांधते.

मग हात धुणं, वर्तमानपत्राची गुंडाळी बाहेर टाकणं, आजींच्या डोक्यावर पदर. सर दोन मिनिटांत प्रार्थना उरकतात, प्रसाद देतात, आधी आजींना, मग सुनेला. थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही. आजींचं आधी तोंड उघडतं.

"आमच्या आळीतनं कोण होतं पाय धुवायला?"

"नाना."

"नाना!" त्या खुदकन हसतात. "दोन दिवस वजरी घासत बसला असेल."

परतताना डबी रिकामी आहे, त्यामुळे सर बोलतात. देवळाच्या फाटकाशी स्कूटर लावता लावता सांगतात, "हे काम घेतलं तेव्हा मी प्रत्येक घरी लांबलचक प्रार्थना म्हणायचो. स्तोत्र, वाचन, वर माझं चार शब्दांचं प्रवचन. शिक्षक ना! एका म्हाताऱ्याने शेवटी सांगितलं, सर, मला मघापासून लघवीला लागलीय. तेव्हापासून गेल्या गेल्या आधी ते विचारतो."

उपासकाळात मोठमोठ्या साधना होतात, बाहेरून व्याख्याते येतात, आध्यात्मिक वाढीचे टप्पे फळ्यावर काढून दाखवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही वहीत उतरवून घेतो. पण सरांची वाढ मोजायची तर ती अशी की त्यांची प्रार्थना आखूड होत गेली आणि पाय धरायचा हात वर गेला. त्या सुनेला आध्यात्मिक वाढ झालीय का असं विचारलं तर ती म्हणेल, बसा, चहा टाकते.

आत प्रार्थना चालू आहे. आमच्या आळीची पाळी अकराची, अजून वेळ आहे. फाटकाजवळच्या फळ्यावर एक कागद लावलाय. शनिवारी रात्री पुनरुत्थानाचा जागर, त्याआधी सकाळी आठ वाजता साफसफाई. रकाने तीन आहेत: देऊळ, आवार, स्वच्छतागृहं. देवळाच्या रकान्यात नावं मावेनात, समासातही लिहिलीत. आवाराचा भरलाय. स्वच्छतागृहांच्या रकान्यात पाच जागा आहेत आणि अजून एकही नाव नाही. पेन दोरीला बांधलेलं आहे आणि चालतं. शनिवारी मोकळे असाल तर या. काय करायचं ते तिथे असेल त्याला विचारा, आणि खराटा घरून आणा, देवळात दोनच आहेत.